गोराई, खोपोली, लोणावळा की घोडबंदर? कुटुंबाला घेऊन कुठल्या वॉटर पार्कला जावं

वॉटर पार्क ठरवताना बहुतेक घरांत पहिली चर्चा होते ती सगळ्यात उंच घसरगुंडीची. प्रत्यक्षात त्या घसरगुंडीवर घरातला एखादाच कॉलेजात जाणारा मुलगा चढतो, तोही दिवसातून एकदा-दोनदा. बाकीची मंडळी खाली टॉवेल आणि चपला सांभाळत उभी असतात. म्हणून निवड करताना घरातलं सगळ्यात लहान मूल आणि सगळ्यात मोठं माणूस डोळ्यासमोर ठेवावं. त्या दोघांचे सहा-सात तास बरे गेले की मधल्यांचे जातातच.

मुंबई, ठाणे आणि पुण्याच्या कुटुंबांसमोर साधारण चार मोठी नावं येतात. गोराईचं वॉटर किंगडम, खोपोलीजवळचं इमॅजिका वॉटर पार्क, लोणावळ्याचं वेट अँड जॉय आणि ठाण्यात घोडबंदर रोडवरचं सूरज वॉटर पार्क. खोपोली आणि लोणावळा ही दोन्ही ठिकाणं आता मालपाणी समूहाकडेच आहेत, त्यामुळे त्या दोघांत निवडताना फरक मुख्यतः रस्त्याचा आणि हवेचा. पाचवा पर्याय म्हणजे कर्जत, पनवेल, विरार, सिंहगडाचा पायथा अशा भागांतले छोटे पार्क आणि रिसॉर्ट. त्यांना कमी लेखू नये. का ते पुढे येईलच.

पोचणं

वॉटर किंगडम १९९८ सालचं, चौघांत बरंच जुनं. तिथे जायचे दोन मार्ग. बोरिवली पश्चिमेहून गोराई खाडीच्या जेट्टीवर जाऊन बोट पकडायची (मालाडकरांना मार्वेहून), नाहीतर भाईंदर-उत्तन मार्गे गाडीने. बोटीने गेलात तर गाडीचा प्रश्न बोरिवलीतच मिटतो आणि मुलांना बोट हाच पहिला खेळ वाटतो. पण आजी-आजोबांना जेट्टीवरून हलत्या बोटीत पाय टाकणं जड जातं, आणि संध्याकाळी पार्क सुटल्यावर सगळी गर्दी एकदम बोटीकडे वळते. गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी सोबत असेल तर लांबचा असला तरी भाईंदरचा रस्ता बरा.

इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे. मुंबईहून गाडीने गेलात तर घाट चढावा लागत नाही, एक्स्प्रेसवेवरून खोपोलीला उतरायचं. गाडी नसेल तर कर्जतमार्गे खोपोली लोकल आहे, पण तिच्या फेऱ्या मोजक्या. वेळापत्रक आधी पाहून ठेवावं आणि स्टेशनवरून पुढच्या रिक्षाचे पैसे हिशेबात धरावेत. इथे एक गोष्ट नेहमी चुकते. थीम पार्क आणि वॉटर पार्क ही दोन वेगळी ठिकाणं आहेत आणि तिकिटंही वेगळी. ‘दोन्ही एका दिवसात करू’ म्हणणारं कुटुंब दोन्हीकडे अर्धवट राहतं. लहान मुलं असतील तर एका दिवसात एकच.

पुणेकरांना लोणावळा सरळ पडतं, लोकलनेसुद्धा जाता येतं आणि घाट उतरावा लागत नाही. ठाणेकरांना सूरज सर्वात जवळ, पण अंतर नकाशावर पाहू नका. घोडबंदर रोडवर पाच किलोमीटरला किती वेळ लागेल हे तिथे राहणारेही छातीठोकपणे सांगत नाहीत. सकाळी पार्क उघडायच्या आधी दारात हजर असाल तरच जवळ असल्याचा फायदा.

रांगेचं गणित

जाहिरातीत घसरगुंड्यांची संख्या असते. तुमच्या वाट्याला त्यातल्या किती येतील हे मात्र ठरतं ते वरून एका तासात किती माणसं सोडली जातात त्यावर.

दोघांच्या ट्यूबची घसरगुंडी घ्या. खालचं माणूस कुंडातून बाजूला झाल्याशिवाय वरचं सोडत नाहीत, म्हणजे दोन ट्यूबमध्ये साधारण ४० सेकंद जातात. तासाला ९० ट्यूब, १८० माणसं. पुढे ९० जण असतील तर अर्धा तास उभं राहायचं. चौघांची मोठी राफ्ट ७५ सेकंदांना एक सुटली तरी तासाला १९० च्या आसपास माणसं उतरतात. रांग तेवढीच, पण घरचे चौघं एकत्र ओरडत खाली येतात. कुटुंबासाठी पैसा वसूल करणारी राइड हीच. इमॅजिकाच्या लूपी वूपीसारख्या प्रकारात, म्हणजे उभ्या कुपीत शिरायचं आणि पायाखालचं झाकण उघडलं की खाली, एकावेळी एकच माणूस जातं. मिनिटाला एक धरलं तरी तासाला ६० च. तिथे ४० जणांची रांग म्हणजे पाऊण तासाची निश्चिंती.

आता सकाळी १० ते संध्याकाळी ६ धरा. कपडे, लॉकर आणि आंघोळीत एक तास, जेवणात एक तास. उरले सहा. सुट्टीच्या दिवशी प्रत्येक मोठ्या राइडला ३५ मिनिटं धरली तर जास्तीत जास्त दहा. म्हणजे पार्कात १५ घसरगुंड्या असोत की २५, रविवारी तुमच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. मंगळवार-बुधवारी गेलात तर मोठ्या पार्काचा मोठेपणा खरा कामी येतो. रविवारच जमणार असेल आणि मुलं दहाच्या आतली असतील, तर मध्यम किंवा छोटा पार्क जास्त खेळायला देतो.

मोठ्या पार्कात गेल्यावर क्रम उलटा ठेवावा. दार उघडल्या उघडल्या सगळे लाटांच्या तलावाकडे धावतात, तेव्हा तुम्ही एकेकट्याच्या घसरगुंड्या उरकून घ्या. तलावात शेकडो माणसं एकावेळी मावतात, तो दुपारनंतरही मिळतो.

उंचीची पट्टी

वेगवान घसरगुंड्यांना बहुतेक ठिकाणी १२० सेंटिमीटर किंवा चार फुटांच्या आसपास उंची लागते. आपल्याकडे ती साधारण सात-आठ वर्षांच्या मुलाची उंची. त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाला घेऊन सर्वात भव्य पार्कात जाणं म्हणजे त्याला दिवसभर ‘तू नाही’ ऐकवणं. निघायच्या आदल्या दिवशी घरी भिंतीशी उभं करून मोजा. तिकीटही बऱ्याच ठिकाणी वयावर नाही, उंचीवर ठरतं, त्यामुळे दारातला वादही वाचतो.

या गटासाठी बघायचं ते लहान मुलांचं कुंड. वॉटर किंगडमला त्यासाठी गूफर्स लगून आहे, इमॅजिकाला स्प्लॅश आयलंड. कुठलंही कुंड पाहताना चार गोष्टी तपासा. पाणी गुडघ्याच्या खाली आहे का. तळ खरखरीत की शेवाळलेला. वर सावली आहे का. आणि बाहेर पडायची वाट एकच आहे का. शेवटचा मुद्दा कुणी पाहत नाही, पण चारी बाजूंनी उघड्या कुंडातून मूल आईबापांची पाठ वळताच मोठ्या तलावाकडे चालू लागतं. वरून बादली उलटते ती जागाही लक्षात ठेवा. दोन-तीन वर्षांच्या पोराला त्या धबधब्याची धास्ती बसली की मग दिवसभर कडेवरून खाली उतरत नाही.

नेहमीचा डायपर पाण्यात फुगून फुटतो आणि आतली जेल कुंडात जाते. पोहण्याचा डायपर वेगळा मिळतो, तो न्या आणि तासाला बदला.

लाटांचा तलाव

खोल बाजूच्या भिंतीमागे हवेच्या खोल्या असतात. पंख्याने हवा आत दाबली की पाणी ढकललं जातं, सोडली की परत येतं. यातून लाट तयार होते. भोंगा वाजतो, दहा-पंधरा मिनिटं लाटा चालतात, मग विश्रांती. वॉटर किंगडमचं वेटलांटिक या प्रकारात मुंबईकरांच्या सर्वात ओळखीचं.

इथलं दुखणं बहुधा येणाऱ्या लाटेचं नसतं, परतणाऱ्या पाण्याचं असतं. घोट्याइतक्या पाण्यात बसलेलं मूल मागे ओढलं जातं आणि खरखरीत फरशीवर गुडघे सोलून निघतात. मुलाला घेऊन कमरेच्या पाण्यापुढे जाऊ नये. ट्यूब तर मुलाला एकट्याला कधीच देऊ नये, कारण भोकातून ते खाली निसटतं आणि वर इतर ट्यूब एकमेकींना चिकटलेल्या असतात, डोकं वर काढायला जागाच राहत नाही. हवा भरलेले दंडातले फुगे हे खेळणं आहे, सुरक्षेचं साधन नाही. पार्कातलं लाइफ जॅकेट घ्या, कमरेचा आणि असल्यास पायांमधला पट्टा आवळा, मग खांद्याला धरून वर उचलून पाहा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते माप मोठं आहे, लहान मागा.

बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत नाही. मान मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, आणि आवाज नाही. गार्ड उभे असले तरी प्रत्येक मुलामागे घरातलं एक नाव ठरवून द्या. ‘सगळे बघतोय’ म्हणजे कुणीच बघत नाही.

पाणी कसं ओळखावं

नाकाला झोंबणारा वास आला की लोक म्हणतात, क्लोरीन भरपूर घातलंय, चला, स्वच्छ आहे. खरं तर तो वास घाम आणि लघवीशी क्लोरीन मिसळून झालेल्या क्लोरामाइनचा असतो. डोळे चुरचुरतात तेही त्यामुळेच. नीट राखलेल्या पाण्याला वास अगदी कमी. काठावर उभं राहून सर्वात खोल जागेचा तळ आणि जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. भिंतीला हात लावून पाहा, बुळबुळीत लागली तर क्लोरीन कमी पडतंय.

अधिक खात्री हवी असेल तर तपासणीच्या कागदी पट्ट्या ऑनलाइन मिळतात. मोकळं क्लोरीन किमान १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडा, ७.२ ते ७.८ असावा. पीएच वर गेला की तेवढंच क्लोरीन निम्मंशिम्मं काम करतं. दुपारी तीननंतर, गर्दी आणि ऊन दोन्ही झाल्यावर, तपासावं. सकाळी सगळ्यांचंच पाणी चांगलं असतं. जुलाब होत असलेल्या मुलाला मात्र कुठल्याच पार्कात नेऊ नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्येही आठवडाभर तग धरतो.

सुती कपड्यांना मनाई असते ती कपडे भाड्याने खपवायला, असं अनेकांना वाटतं. कारणं खरी आहेत. सुताचे धागे फिल्टरमध्ये अडकतात, भिजलेला टी-शर्ट अंगाला ओढतो आणि वेग बिघडतो, धातूची चेन फायबरला चरे पाडते. नायलॉनचे कपडे घरून न्या, भाडं आणि अनामत दोन्ही वाचतात. उभ्या घसरगुंडीवर घोट्याशी पाय एकमेकांवर ठेवायला सांगतात तेही ऐका. पाय फाकले तर खाली पाणी जोरात शरीरात घुसून इजा होऊ शकते.

मोठ्यांचा दिवस

रक्तदाब, हृदयविकार, पाठीचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर मोठ्या राइड बंदच. मग उरतं काय, तर संथ वाहणारी नदी, सावली आणि जेवण. इथे रिसॉर्टवजा पार्क बाजी मारतात. नाश्ता, जेवण, चहा पॅकेजमध्ये, बसायला झाडाखाली खुर्ची, हवी तर दिवसभराची खोली. आजी दुपारी आडवी होऊ शकते. मोठ्या पार्कात बाहेरचं खाणं चालत नाही (तान्ह्याचं सहसा चालतं), आणि एक वाजता उपाहारगृहातली रांग घसरगुंडीपेक्षा लांब. साडेअकरा-बाराला जेवून घेणं हा त्यावरचा एकच उपाय.

मे महिन्यात फरशी इतकी तापते की अनवाणी मुलं नाचत पळतात आणि पळताना घसरतात. मागे पट्टा असलेले रबरी सँडल हवेत. सनस्क्रीन पाण्यात जायच्या अर्ध्या तास आधी आणि नंतर दर दोन तासांनी. गोराईला समुद्रामुळे दमट उकाडा असतो, लोणावळ्यात संध्याकाळी वारा सुटतो. हाच वारा डिसेंबर-जानेवारीत ओल्या अंगाला बोचतो, तेव्हा लहान मुलांना तिथे नेऊ नये. पावसाळ्यात लोणावळ्याचं वॉटर पार्क हा थोडा विनोदच. वर्षाला ४००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात तिकीट काढून भिजायचं, आणि शनिवार-रविवारी भुशी डॅमच्या गर्दीत रस्त्यावर अडकायचं. विजा चमकू लागल्या की उंच घसरगुंड्या बंद ठेवाव्याच लागतात, तो वेळ तुमच्याच तिकिटातून जातो.

मग कुणी कुठे

सगळी मुलं पाचाच्या आतली आणि सोबत आजी-आजोबा असतील तर घराजवळचा रिसॉर्टवजा पार्क, दुसरा विचार नको. मुलं सहा ते दहा आणि घर पश्चिम उपनगरांत असेल तर वॉटर किंगडम, मधल्या वारी, बोटीने. ठाण्यात राहत असाल आणि अर्ध्या दिवसात उरकायचं असेल तर सूरज. तिथलं शंकराच्या थीमवरचं बांधकाम मोठ्यांनाही बघायला आवडतं. घरात बारा-पंधरा वर्षांची मुलं असतील तर मुंबईकरांनी खोपोली, पुणेकरांनी लोणावळा.

परतीला मुंबईकरांनी रविवारी लोणावळ्याहून पाचनंतर निघू नये. घाटात पुण्याहून परतणाऱ्या गाड्यांची रांग असते, आणि दमून झोपलेली मुलं बरोबर तिथेच ‘शू लागली’ म्हणून उठतात. चारला पाण्याबाहेर, साडेचारला गाडीत. खोपोलीहून निघणाऱ्यांना घाट लागत नाही, त्यांनी सहापर्यंत लाटांमध्ये बसायला हरकत नाही.