ऑनलाइन काउन्सेलिंग ॲप: दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगा (२ स्टार)

पाच-सहा महिने वापरून लिहितेय. नाव मुद्दाम देत नाही.

मला अपघातानंतरचा त्रास होता, म्हणजे गाडीत बसलं की नुसत्या ब्रेकच्या आवाजाने घाम फुटायचा वगैरे. घरच्यांचं एकच पालुपद, बोलून टाक, मोकळं वाटेल. म्हणून ॲप घेतलं. पहिल्या ३ महिन्यांत ४ काउन्सेलर झाले, मी बदलले नाहीत हां, ज्याचा स्लॉट रिकामा तो समोर यायचा आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच, "नक्की काय झालं होतं, सांगाल?" आधीच्या नोट्स असतात म्हणे. वाचल्यासारख्या काही वाटल्या नाहीत.

पहिल्यांदा सांगताना खूप रडले, पण हलकं वाटलं खरंच. दुसऱ्यांदा नुसती थरथर. तिसऱ्यांदा गंमत बघा, वाक्यं पाठ झालेली, बातम्या वाचाव्यात तसं सांगून टाकलं, मॅडम म्हणाल्या किती शांतपणे बोलता तुम्ही! आणि त्याच रात्री काच फुटल्याचा आवाज कानात येऊन ३ वाजता जाग आली, मग सकाळपर्यंत टक्क. चौथ्यांदा तर कहर, सगळ्यात वाईट भागापाशी पोचले आणि ५० मिनिटं संपली, कॉल कट, स्क्रीनवर "तुमचा अनुभव कसा होता?" आणि खाली ५ चांदण्या. पुढचे दोन दिवस कामात लक्ष नाही, घरी कोणी काही विचारलं की खेकसायचं.

मग वाचत बसले. सांगणंच वाईट असं नाहीये. प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर थेरपीत तर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, रेकॉर्डिंग घरी ऐकायला देतात, पण तिथे साधारण ८ ते १५ सेशन असतात, थेरपिस्ट तोच असतो आणि सांगून झालं की त्यावर बोलायला वेळ राखलेला असतो. उलट घटनेनंतर लगेच एकदाच बसवून सगळं बोलायला लावायचं, ज्याला डीब्रीफिंग म्हणतात, त्याने पीटीएसडी (म्हणजे अशा धक्क्यानंतर दीर्घकाळ मागे राहणारा मानसिक त्रास) टळतो असं काही दिसलेलं नाही. भाजलेल्या पेशंट्सवरच्या १९९७ च्या अभ्यासात तर १३ महिन्यांनी डीब्रीफिंग झालेल्यांत २६ टक्के आणि न झालेल्यांत ९ टक्के लोकांना पीटीएसडी होता (हां, पहिल्या गटाला मुळातच जास्त भाजलेलं होतं, तेही धरायला हवं).

पाचवी काउन्सेलर म्हणाली, "ते आज नको, गाडीत बसल्यावर अंगात काय काय होतं तेवढंच बघू." मला रडूच आलं. सातव्या सेशनला मी आपणहून सगळं सांगितलं, तेव्हा शेवटची १५ मिनिटं तिने फक्त मला भानावर आणायला ठेवली होती.

तिला ५ स्टार, पण माणसाला स्टार द्यायची सोयच नाही. काउन्सेलर फिक्स करायचा ऑप्शन आहे बरं का, सेटिंग्जमध्ये पार तळाला. मला चौथ्या महिन्यात सापडला.