सगळ्यांना की फक्त गरजूंना?

बाजार चालू द्यायचा, पण आजारपण, म्हातारपण आणि मुलांचं शिक्षण बाजाराच्या हवाली करायचं नाही, इथपर्यंत तुमचं ठरलं असेल, तर पुढे एक फाटा लागतो. सरकारने जे द्यायचं ते सगळ्यांना द्यायचं, की उत्पन्न तपासून फक्त गरजूंना? भाच्याने दिवाळीत मला हेच विचारलं. तो इथे बडोद्यालाच, सयाजीराव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकतो. मी जन्मभर हिशेबाची कामं केली, आणि पन्नाशी उलटेपर्यंत मी ठामपणे ‘फक्त गरजूंना’ या बाजूचा होतो. आता नाही. का बदललो ते सांगतो, तुम्ही तुमचं ठरवा.

सगळ्यांना देण्याच्या वाटेवरचं ठळक नाव स्वीडन. तिथे १९४८ पासून बालभत्ता प्रत्येक मुलामागे मिळतो. बाप कारखानदार आहे की कारखान्यातला फिटर, कोणी विचारत नाही. तपासून देण्याच्या वाटेवर ऑस्ट्रेलिया. तिथलं वृद्धांचं पेन्शन उत्पन्न आणि मालमत्ता दोन्ही पाहून मिळतं. अर्थात शुद्ध नमुना कुठेच सापडत नाही. ऑस्ट्रेलियातही मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, १९८४ पासून सर्वांसाठी आहे.

गरजूंना निवडून देण्याची बाजू मी हलक्यात घेत नाही. तिजोरी लहान असेल तर प्रत्येक रुपया सर्वांत अडलेल्या माणसाकडे जावा, हे साधं गणित आहे. ब्राझीलने २००३ मध्ये सुरू केलेल्या बोल्सा फॅमिलिया योजनेतून तुलनेने थोड्या पैशांत गरीब कुटुंबांपर्यंत रोख रक्कम पोचली. स्वीडन राष्ट्रीय उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक कर गोळा करतं. आपल्याकडे केंद्र आणि राज्यं मिळून त्याच्या निम्मेही होत नाहीत. एवढ्यात सगळ्यांना काय काय देणार? माझ्यातला हिशेबनीस आजही हा प्रश्न सोडत नाही.

पण मग मावशीचं प्रकरण झालं.

मावशी प्रतापनगरच्या बाजूला एका खोलीत राहते. काका एका गिरणीत होते. गिरणी बंद पडली, ती पुन्हा सुरू होईल या आशेवर त्यांनी काही वर्षं घालवली, आणि एके दिवशी ते गेले. विधवांसाठीच्या पेन्शनचा अर्ज मी भरून दिला. त्याला हवा उत्पन्नाचा दाखला. मावशीचं माहेरचं नाव एक, लग्नात ठेवलेलं दुसरं. रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं. त्यात गुजरातच्या रिवाजाने आडनाव आधी, आणि कुठल्याशा कागदावर आडनावालाच तिचं नाव धरलेलं. ही आपल्या मराठी बायकांची इथली नेहमीची रड आहे. तीन खेपा त्यातच गेल्या.

खेपांचं मला फारसं काही वाटलं नाही. कचेरी म्हटली की खेपा आल्याच. चौथ्या वेळी खिडकीतून आवाज आला, “घरमां कमावनार कोण छे?” मागे रांग उभी. मावशी म्हणाली, कोणी नाही. मग सांगितलं गेलं की पंचनामा करावा लागेल, शेजारचे दोन पंच आणा, ते लिहून देतील की या बाईला दुसरं उत्पन्न नाही. त्या कारकुनाचा दोष नाही. नियमाप्रमाणे त्याला तेच विचारायचं होतं. पण मावशीने आयुष्यभर त्या खडकीत, म्हणजे तिच्या गल्लीत, हळदीकुंकवाला बायकांना बोलावलं, काकांची नोकरी गेल्यावरही पाहुण्याला चहा दिल्याशिवाय सोडलं नाही. आता त्याच घरांच्या दारात जाऊन तिने म्हणायचं की मी गरीब आहे असं सही करून द्या. तिने फाईल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “राहू दे रे. भागतंय माझं.”

भागत नव्हतं. मला माहीत होतं, तिलाही.

गरजू माणूस मदतीबाहेर राहतो, याला अर्थशास्त्रात वगळणुकीची चूक म्हणतात. १९९७ मध्ये आपली रेशनव्यवस्था दारिद्र्यरेषेच्या वर आणि खाली अशी विभागली गेली, तेव्हापासून या चुकीवर ढीगभर लिहिलं गेलं. तमिळनाडूने मात्र रेशन सर्वांसाठीच ठेवलं. हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी माझ्या डोक्यात चूक म्हणजे यादीतलं हुकलेलं नाव एवढंच होतं. नाव यादीत असायला हवं होतं आणि माणूसच मागे फिरला, चुकीचा हा प्रकार मी धरलाच नव्हता. तो कुठल्या तक्त्यात दिसतो? मावशीने अर्जच दिला नाही, म्हणजे तो नाकारलाही गेला नाही.

आता दुसरा प्रसंग. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान योजनेत सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचं कार्ड मिळू लागलं. मावशी तेव्हा बहात्तरची. खडकीच्या तोंडाशी ज्यांचं दुमजली घर आहे त्या आजींनीच तिला हाक मारली, चल, दोघी जाऊन येऊ. दोघी गेल्या, आधार दाखवलं, दुपारच्या जेवणाला घरी परत. मावशीने कार्ड देवघरातल्या डब्यात ठेवलंय आणि आल्यागेल्याला दाखवते. दाखला मिळाला असता तर तो तिने कोणाला दाखवला नसता.

एका मावशीवरून देशाची अर्थव्यवस्था ठरवू नये, मान्य. पण त्यानंतर मी स्वीडनचा इतिहास पुन्हा वाचला, आणि आधी नजरेतून सुटलेल्या गोष्टी दिसायला लागल्या. तिथलं सगळं नुसतं वाटप नव्हतं. १९५१ मध्ये कामगार महासंघाचे दोन अर्थतज्ज्ञ, योस्टा रेन आणि रुडॉल्फ माइडनर, यांनी आखणी मांडली. सारख्या कामाला सारखी मजुरी, मग कंपनी नफ्यात असो वा डबघाईला आलेली. ज्या कारखान्याला ती परवडत नाही तो बंद पडू द्या, पण कामगाराला नवं काम शिकवून दुसरीकडे लावून देण्याची जबाबदारी सरकारची. आणि महागाई भडकू नये म्हणून सरकारने स्वतःचा हात आखडता ठेवायचा. हे कामगाराने का मान्य करावं? कारण नोकरी गेली तरी मुलाचा भत्ता आणि म्हातारपणचं पेन्शन जात नव्हतं. काका बंद गिरणीच्या फाटकावर का खेटे घालत राहिले, ते मला हे वाचताना कळलं. त्या फाटकाबाहेर त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. सर्वांना हक्क देणं ही दयाबुद्धी आहे असं जिथे मी मानत आलो होतो, तिथे मला आता उद्योगधोरण दिसतं.

कराची बाजूही पाहा. स्वीडनमध्ये कर फक्त श्रीमंत भरत नाहीत. तिथला मूल्यवर्धित कर बहुतेक वस्तूंवर पंचवीस टक्के आहे आणि तो सगळेच भरतात. आपल्याकडे मावशीही साबणाच्या वडीवर जीएसटी भरते, आणि तो घेताना तिला कोणी दाखला मागत नाही. देणाऱ्यांच्या रांगेत सगळे आणि घेणाऱ्यांच्या रांगेत निवडक, हे मला हिशेबातही खटकतं. शिवाय मध्यमवर्गाला ज्यातून काही मिळत नाही, त्यासाठी तो कर वाढवू देत नाही. वॉल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे या स्वीडिश अभ्यासकांनी १९९८ मध्ये हेच मांडलं: मदत जितकी फक्त गरिबांकडे वळवाल, तितकी गरिबी आणि विषमता कमी होण्याची शक्यता घटते, कारण एकूण रक्कमच आटते. पुढच्या अभ्यासांत हा संबंध तेवढा घट्ट दिसला नाही, हेही सांगायला हवं. मला स्वतःला तो पटतो. तुम्हाला नाही पटला तरी समजू शकतो.

बडोद्यात राहून हे कळायला मला एवढा वेळ लागायला नको होता. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं. महाराज काही स्वीडनच्या वाटेचे सामाजिक लोकशाहीवादी नव्हते, राजे होते. पण नियम सर्व घरांना एकच होता, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. गोखल्यांनी १९११ मध्ये असंच विधेयक ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मांडलं, ते नामंजूर झालं. आज त्याच शहरात खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के राखीव जागांसाठी पालक उत्पन्नाचा दाखला घेऊन उभे असतात. त्या जागा मिळतात हे चांगलंच आहे, पण मला महाराजांची पद्धत अधिक सरळ वाटते.

सगळ्यांना देण्याचे तोटेही मोठे आहेत. पैसा पातळ पसरला तर कोणाचंच भागत नाही. स्वीडन १९९० च्या सुरुवातीच्या संकटात पार अडकलं. सप्टेंबर १९९२ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने चलन वाचवायला काही दिवस व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला होता. त्या दशकात त्यांनी सर्वांना सारखं मिळणारं मूळ पेन्शन बदललं. किमान पेन्शनची हमी आता कमी पेन्शनवाल्यांसाठी आहे. बालभत्ता मात्र राहिला. सगळ्यांना दरमहा रोख देण्याची कल्पना २०१६-१७ च्या आपल्या आर्थिक पाहणीतही चर्चिली गेली होती. आजच्या कराच्या जोरावर ती मला झेपणारी वाटत नाही.

म्हणून भाच्याला मी सांगितलं ते असं. तुझ्याकडे तिजोरी खरोखरच रिकामी असेल आणि नोंदी पक्क्या असतील, तर निवडून दे. पण ऑस्ट्रेलियात निवड बरीचशी वरून होते, भरपूर असलेल्यांना बाजूला काढून, तशी कर. खालून गरीब शोधायला जाऊ नकोस. आणि थोडीही ऐपत असेल तर शाळा, दवाखाना आणि म्हातारपण या तीन गोष्टी वयावर दे, उत्पन्नावर नको. मी तर म्हातारपणच्या पेन्शनपासून सुरुवात करीन. दारिद्र्यरेषेखालच्या साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला त्यात केंद्राकडून महिन्याला २०० रुपये येतात, आणि तेवढ्यासाठीही आधी गरीब असल्याचं सिद्ध करावं लागतं. ती रक्कम वाढायलाच हवी. पण दोन्ही एकदम जमत नसेल, तर मी आधी दाखला काढून टाकीन आणि मग रक्कम वाढवीन. भाच्याला हा क्रम उलटा वाटतो. मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, “पंच नकोत एवढं बघा.”