डिस्कससाठी डिचोलीचा मातीचा शंकू: घ्यावा का?

डिस्कस या शोभेच्या माशाच्या जोडीला अंडी चिकटवायला उभा, किंचित खरखरीत पृष्ठभाग लागतो. त्यासाठी गोव्यातल्या डिचोलीच्या कुंभारांकडून घडवून घेतलेला भाजक्या मातीचा शंकू गुळगुळीत प्लास्टिकपेक्षा नक्कीच सरस. उंची 25 ते 30 सेंटिमीटर, बूड 12 ते 15 सेंटिमीटर सांगा. टोकाला बारीक भोक हवंच, नाहीतर आत हवा अडकून शंकू कलंडतो. ओलं बोट फिरवून बघा; तांबडं लागलं तर गेरू आहे, तो घेऊ नका. घरी आणल्यावर तीन दिवस पाणी बदलत भिजवा. टाकीत स्पंज फिल्टरच्या थेट झोतापासून दूर ठेवा.

मात्र शंकूने पाणी सुधारत नाही. तापमान 28 ते 30 अंश, पीएच (आम्लतेचं माप) 6 ते 6.5 आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शंभराच्या आत ठेवा. बोअरवेलचं पाणी जड असेल तर अंड्यांचं फलन नीट होत नाही, ती पांढरी पडतात आणि बुरशी धरतात. अशा पाण्यात आरओचं पाणी मिसळा. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच वापरा.

नवी जोडी बऱ्याचदा अंडी खाते. शंकूभोवती दोन बोटं अंतर सोडून जाळी लावा. अंडी साधारण 60 तासांत फुटतात, पुढे दोन-तीन दिवसांत पिल्लं पोहू लागतात. त्याआधी जाळी काढायलाच हवी, कारण पिल्लांचं पहिलं अन्न म्हणजे आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव, आणि तिथवर पोचता आलं नाही तर ती उपाशी मरतात.