बेळगावातल्या लॉ कॉलेजचं मोफत कायदा सल्ला केंद्र - आईच्या जमिनीच्या कामाचा अनुभव

माझं आजोळ खानापूर तालुक्यात. आजोबा गेल्यावर उताऱ्यावर दोन्ही मामांची नावं चढली, आईचं नाहीच. वर एक कन्नड नोटीस आली आणि मला कन्नड बोलता येतं पण सरकारी कन्नड वाचून कळत नाही, त्यात एका एजंटनं तीन हजार घेतले आणि फोन उचलायचा बंद केला. मग शेजारच्या काकूंनी हे केंद्र सांगितलं.

फी एक रुपया पण नाही. समोर शेवटच्या वर्षाची दोन पोरं बसतात, सर मागं खुर्ची टाकून गप्प ऐकतात. त्यातल्या मुलीनं नोटीस आपल्या बेळगावच्या मराठीत ओळ न ओळ सांगितली आणि पहिला प्रश्न विचारला, २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटणी झालीय का? नव्हती, तोंडीच झालेली. मग म्हणाली हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाएवढाच, आणि वडील तेव्हा हयात नसले तरी हा हक्क मिळतो असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये ठरवलंय.

मी लगेच म्हटलं दावा टाकूया. पोरगी लिहायला पण लागली. तेव्हा सर पहिल्यांदा बोलले, "थांबा की वो जरा, अक्कांना कुणी विचारलं का?" आई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली, मग म्हणाली, "मला भावांनी माहेर तोडायला नको सर. पण माझा हक्क नाही म्हणून सही मागतील तर देणार नाही." एवढे महिने मी तिच्यासाठी पळत होतो आणि हे मला माहीतच नव्हतं. पोरीनं तो कागद बाजूला ठेवला आणि आधी मामांना साधं पत्र लिहिलं, कन्नड आणि मराठी दोन्हीत.

सर आधी कोर्टात वकिली करायचे, मग शिकवायला आले, आणि तेव्हापासून पोरांना घेऊन गावोगाव फिरतात. बेंगळूरचं नॅशनल लॉ स्कूल उभं करणारे माधव मेनन यांचं नाव त्यांच्या तोंडात सारखं असतं, डॉक्टर जसा पेशंटजवळ शिकतो तसा वकील माणसांजवळ शिकला पाहिजे म्हणतात. मला ते त्या दिवशी डोळ्यानं दिसलं.

अडचणी पण सांगतो. परीक्षेच्या दिवसात बंद असतं, दरवर्षी पोरं बदलतात त्यामुळं आम्हाला परत पहिल्यापासून सांगावं लागलं (फाईल मात्र नीट ठेवलेली होती). आणि पोरं कोर्टात उभी राहू शकत नाहीत, त्याला वकिलीची सनद लागते. थोरले मामा पत्र मिळाल्यावर घरी येऊन बसले, बोलले. धाकटे आले नाहीत, म्हणून केंद्रानंच सरकारी कायदा सेवा समितीकडं अर्ज भरून दिला, तिथनं पॅनेलचे वकील मिळाले. १९८७ च्या कायदा सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणं बाईमाणसाला वकील फुकट, उत्पन्नाचा दाखला पण मागत नाहीत. समितीकडं जाता येत नसेल तर कायदा मदतीच्या १५१०० या सरकारी नंबरला फोन करा. केस अजून चालू आहे.

जाताना उतारा, मृत्यू दाखला, आधार आणि आलेली प्रत्येक नोटीस न्या, आणि जिचं काम आहे तिलाच पुढच्या खुर्चीत बसवा.