नाना पेठेतले सीटवाले चाचा: लांब पल्ल्यासाठी सीट करून घ्यायची तर इथेच

आपली रायडर मंडळी हेल्मेट, बूट, जादा लाइट यांवर हजारो रुपये घालतात. ज्याच्यावर अख्खा दिवस आणि अख्खी रात्र बसायचं, ती सीट मात्र शोरूममधून आली तशीच. माझ्या मते पहिला खर्च तिथे व्हायला हवा.

मला सॅडलसोर १००० करायची होती. अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या रायडर मंडळींच्या संघटनेची ही सुरुवातीची पायरी: २४ तासांत १,००० मैल, म्हणजे जवळपास १,६१० किलोमीटर. ल मान्सच्या २४ तासांच्या मोटरसायकल शर्यतीत रायडर आळीपाळीने गाडी चालवतात, इथे शेवटपर्यंत एकटीनेच. शर्यतीच्या गाडीला फोमची पातळ पट्टी पुरते, कारण रायडर सतत अंग हलवत असतो. हायवेवर आपण तासन् तास एकाच जागी दाबून बसतो आणि सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. मऊ फोम तासाभरात दबतो, हाडं खाली टेकतात, मग माकडहाड बोलायला लागतं.

म्हणून आधी सीट करून घ्यायला पुण्यात नाना पेठेत गेले. दुकानाला नावाची पाटी नाही. स्पेअर पार्टच्या गल्लीत ‘सीटवाले चाचा’ विचारलं की कुणीही दाखवतं. चाचांनी सीटला हात लावायच्या आधी मला गाडीवर बसवलं. हात हँडलवर, पाय फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर), आणि स्वतः मागे उभे राहून बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “ताई, तुम्ही बसता इथं आणि सीट तुम्हाला नेते तिथं.” बोट टाकीकडे. सीटला पुढे उतार होता, त्यामुळे प्रत्येक ब्रेकला मी पुढे घसरायचे आणि मनगटांवर जोर यायचा. मनगटं का दुखतात याचं उत्तर मी हँडलमध्ये शोधत होते, ते सीटमध्ये निघालं.

कव्हरच्या पिना उपसून त्यांनी उतार भरून काढला. हाडं टेकतात तेवढ्या भागातला फोम लांब पात्याने कापला आणि तिथे बाँडेड फोम बसवला, तो रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला, अंगठ्याने जेमतेम दबणारा. वर मऊ फोमचा पातळ थर. जेल पॅड घालू का म्हटलं तर साफ नाही म्हणाले, उन्हात तापतं. माझी उंची पाच फूट दोन इंच, म्हणून मांड्यांजवळ सीट दोन्ही बाजूंनी तासली. सीटची उंची तेवढीच, पण आता पाय जमिनीला नीट टेकतात. शिवण मांडीखाली येऊ दिली नाही, हे काम मला सगळ्यात आवडलं. घामात तीच शिवण सोलून काढते.

मग पुणे ते बेंगळुरू आणि परत, सगळा ४८ नंबरचा हायवे. दुचाकीला टोल नाही, म्हणून टोलची पावतीही नाही. असोसिएशनला दाखवायचा पुरावा पेट्रोल पंपाच्या पावत्यांचा, त्यावर वेळ, तारीख, ठिकाण स्वच्छ छापलेलं हवं. सातारा-कोल्हापूरच्या डायव्हर्जनवर गाडी आपटत होती, तरी पाठ शाबूत. परतीला हावेरीच्या पुढे, रात्री, लक्षात आलं की पेगवर उभं राहून अंग मोकळं करायची गरज कधीची पडलेली नाही. पुण्याचा पंप गाठला तेव्हा हाताशी वेळ शिल्लक होता. गुडघे आखडले होते, खांदे भरून आले होते, पण बैठक ठणठणीत!

तक्रारी आहेत. ‘संध्याकाळी घेऊन जा’ म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी. पक्कं बिल मिळत नाही. मागच्या सीटच्या कामात चाचांना रस नाही, ती जेमतेम ठीक. कव्हरखाली प्लॅस्टिक अखंड घालायला आवर्जून सांगा, नाहीतर पावसात शिवणीतून पाणी मुरतं. पहिले काही दिवस सीट दगडासारखी वाटते. तेवढ्यात बदलायला जाऊ नका, पाच-सहा तासांची एक राइड होऊ द्या.

जाताना रायडिंग पँट आणि बूट घालूनच जा, जीन्सवर घेतलेलं माप पॅडच्या पँटला चालत नाही. शक्य असेल तर जुनी सीट विकत घेऊन तिच्यावर काम करून घ्या. मूळची सीट माळ्यावर ठेवा, गाडी विकताना गिऱ्हाईक तीच मागतं.