हिमालयातल्या मुलांचं शैक्षणिक पालकत्व: शाळा चांगली, दवाखाना कच्चा

लडाख, स्पिती, किन्नौर, धर्मशाला, कुपवाडा. या भागांतल्या मुलांच्या शिक्षणाचा आणि औषधपाण्याचा खर्च उचलायच्या योजना आता जळगाव-धुळ्याच्या घरांतही माहीत झाल्या आहेत. कुणी लेह-मनाली फिरून येताना शाळेचं पत्रक घेऊन येतं, कुणाच्या मोबाइलवर एका मुलीचा फोटो आणि खाली महिन्याची रक्कम येते. या योजनांकडे इथे एक सेवा म्हणून पाहिलं आहे. देणाऱ्याच्या समाधानापेक्षा मुलाच्या पदरात काय पडतं, हा निकष धरला आहे. त्या निकषावर शिक्षणाला पाचपैकी चार गुण, हिशेबाला तीन आणि वैद्यकीय मदतीला जेमतेम दोन.

शिक्षणाचे गुण उगाच दिलेले नाहीत. तिबेटी चिल्ड्रन्स व्हिलेज १९६० साली हिमाचलातल्या धर्मशालेत सुरू झालं. जम्मूकडच्या रस्त्यांवर खडी फोडणाऱ्या निर्वासित आईबापांची ५१ मुलं ही त्याची सुरुवात. लडाखमध्ये चोगलमसरची शाखा १९७५ पासून आहे. स्पितीत रंगरीकला रिंचेन झांगपो सोसायटीची मुन्सेललिंग शाळा आहे. मराठी माणसांनी उभी केलेली कामंही आहेत: कुपवाड्यात २००२ पासून मुलींची घरं चालवणारं बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन आणि जम्मू-काश्मीर, लडाखच्या मुलांना पुण्यात आणून शिकवणारं सरहद. ज्या खोऱ्यात दहावीपर्यंतची शाळा गाठायला मुलाला घर सोडावंच लागतं, तिथे वसतिगृहासह शाळा ही पहिली गरज आहे आणि या कामाला तिची पक्की जाण आहे.

पैशाच्या रकमेपासून सुरुवात करू. केंद्र सरकारच्या, आदिवासी मुलांसाठीच्या एकलव्य निवासी शाळांना २०१८-१९च्या फेररचनेनंतर दर विद्यार्थी वर्षाला १,०९,००० रुपये आवर्ती (दरवर्षी लागणारा) खर्च धरला गेला. केंद्राच्याच बालसंरक्षणासाठीच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्व योजनेत मूल घरी राहून शिकत असेल तर महिन्याला ४,००० रुपये मिळतात. हे दोन आकडे हाताशी ठेवा. कुणी महिन्याला हजार-बाराशेत 'निवास, जेवण, शाळा, औषधं सगळं' सांगत असेल, तर एक तर त्या मुलाला आणखी दोन-तीन पालक, म्हणजे खर्च उचलणारे, आहेत, नाही तर उरलेला खर्च दुसरीकडून येतो. दोन्हींत गैर काही नाही. फक्त ते स्पष्ट सांगितलेलं असावं. 'एका मुलामागे किती पालक घेता आणि वर्षाचा पूर्ण खर्च किती?' या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारी संस्था निम्मी परीक्षा तिथेच पास झाली म्हणायची.

एका नावाच्या मुलाचं पालकत्व घ्यायचं की वर्गाला किंवा वसतिगृहाला द्यायचं? लोकांना नाव, फोटो, वर्षातून दोन पत्रं हवीशी वाटतात आणि संस्थांनाही त्याच आधारावर पैसे मिळतात. पण नावाच्या योजनेत पालक दोन-तीन वर्षांनी गळाला की सातवी-आठवीतलं मूल अधांतरी राहतं, आणि नेमकं तेव्हाच खर्च वाढतो. ज्या संस्था पालकांचे पैसे एका सामाईक निधीत घेतात, पत्र मात्र एका मुलाचं पाठवतात, आणि हे तुम्हाला लेखी कळवतात, त्यांची पद्धत सगळ्यात भक्कम. नावाचाच आग्रह असेल तर दहावीपर्यंतचा शब्द द्या. तेवढी तयारी नसेल तर सरळ सामाईक निधीत भरा.

आता ज्या ठिकाणी खानदेशातले बरेच जण अडतात ती गोष्ट. अशा संस्थांच्या माहितीपत्रकात दिल्लीच्या स्टेट बँकेतला एक खातेक्रमांक ठळक छापलेला असतो. ते विदेशी देणग्यांचं, म्हणजे एफसीआरए या कायद्याखालचं खातं असतं. त्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशातून येणारा पैसा सगळ्या संस्थांना तिथेच घ्यावा लागतो आणि त्या खात्यात देशी पैसा जमा करता येत नाही. चाळीसगावच्या बँकेतून तुम्ही तिथे पैसे पाठवले तर संस्थेची अडचण होते आणि पावतीही लटकते. देशी देणग्यांचं वेगळं खातं मागून घ्या. मुलगा-सून अमेरिकेत असतील तर त्यांच्या हातात कोणता पासपोर्ट आहे ते पाहा. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्ट परदेशी असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगीच. ती इथल्या एखाद्या ट्रस्टमार्फत वळवून पुढे पाठवायची वाटही २०२०च्या दुरुस्तीने बंद केली आहे.

करसवलतीचंही तसंच. संस्थेकडे आयकर कायद्याच्या कलम ८०जीची नोंदणी असेल तर साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेवर, उत्पन्नाच्या मर्यादेत, वजावट मिळते. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर मिळत नाही. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ही वजावट नाहीच. साधी पावती पुरत नाही. संस्थेने तुमच्या पॅनसह विवरण भरून फॉर्म १०बीईचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्याची मुदत आर्थिक वर्षानंतरच्या ३१ मेपर्यंत असते. १ एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलतात, तेव्हा प्रमाणपत्र सीएला दाखवून घ्या. भिशीतल्या नऊ-दहा घरांनी मिळून एक मूल घ्यायचं ठरवलं तर पैसे एकाच्या खात्यातून पाठवू नका. प्रमाणपत्र त्या एकाच्याच नावाने येईल. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून भरावं आणि संस्थेला यादी द्यावी.

महिन्याच्या हप्त्यापेक्षा वर्षाची रक्कम एकदम दिलेली संस्थांना जास्त उपयोगी पडते, आणि आपल्याकडच्या कापसाच्या पैशाशी तिचा मेळही बसतो. लडाखच्या शाळा डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेर हिवाळी सुटीवर असतात. मनालीकडून स्पितीत उतरणारी कुंझुम खिंड साधारण नोव्हेंबर ते मे बंद, म्हणजे स्पितीला फक्त किन्नौरकडचा रस्ता उरतो. वर्षभराचं धान्य, कोळसा, लाकूड, डाळ, तेल रस्ते उघडे असतानाच भरावं लागतं. म्हणून दिवाळीनंतर कापूस विकून आलेला पैसा डिसेंबर-जानेवारीत पोचला तर मार्चच्या प्रवेशाला, पुस्तकांना आणि पगाराला कामी येतो. केळीवाल्यांनी रावेर-यावलकडून जूनमध्ये पाठवलेली रक्कम सप्टेंबरच्या साठवणीला लागते. संस्थेला विचारा, 'तुम्हाला पैसा कोणत्या महिन्यात कमी पडतो?' जी संस्था महिना सांगू शकत नाही, तिचं अंदाजपत्रक कच्चं समजा.

आता वैद्यकीय बाजू. पत्रकावर 'वैद्यकीय मदत समाविष्ट' हे दोन-तीन शब्द असतात आणि त्यात वर्षातून एक तपासणी, जंताची गोळी, दात-डोळे एवढंच बसतं. खरा खर्च पुढे असतो. उंचावर जन्मलेल्या मुलांत हृदयातली जन्माच्या वेळची नलिका उघडी राहण्याचा दोष, म्हणजे पीडीए, सपाटीपेक्षा जास्त आढळतो. मूल दमतं, वजन घेत नाही, वारंवार छाती भरते, आणि घरचे म्हणतात, अशक्त आहे. स्टेथोस्कोपने आवाज ऐकणारा आणि इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, पाठवणारा डॉक्टर वर्षातून एकदा तरी शाळेत यायला हवा. बहुतेक वेळा हा दोष कॅथेटरने, म्हणजे शिरेतून घातलेल्या बारीक नळीने, बंद होतो. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, त्यामुळे कार्ड असेल तर शस्त्रक्रियेचा पैसा हा मुख्य प्रश्न नसतोच. प्रश्न असतो जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा. स्पितीतल्या काझाहून सिमला चारशे किलोमीटरच्या वर. लेहहून चंदीगडला विमान. सोबत आई किंवा वडील, एक जाणता माणूस, पंधरा दिवसांची राहायची सोय, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. पैसा इथे लागतो, आणि बहुतेक योजनांत नेमकी याचीच तरतूद नसते.

शिवाय कागद अडतात. मूल वसतिगृहात, आयुष्मान कार्ड गावाकडे, ओटीपी वडिलांच्या फोनवर, आणि वडील कुरणात, जिथे रेंज नाही. आधारचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात. ते राहिले की ऐन वेळी ओळख पटत नाही. चांगली शाळा प्रवेशाच्या दिवशीच कार्डाची प्रत, आधारची स्थिती आणि आईवडिलांचं उपचाराला संमतीपत्र घेऊन ठेवते. तिबेटी निर्वासित मुलांचं वेगळं आहे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे भारतीय नागरिकत्व नसून नोंदणी प्रमाणपत्र असतं, त्यामुळे सरकारी योजना गृहीत धरता येत नाहीत. त्यांच्यासाठी तिबेटी प्रशासनाची विमा योजना आणि १९७१ पासूनचं धर्मशालेचं डेलेक हॉस्पिटल हे आधार आहेत.

क्षयरोग हा वसतिगृहांचा जुना शत्रू. थंडीमुळे खिडक्या बंद, खाटा चिकटून, एका खोलीत वीस मुलं. दोन आठवड्यांवर खोकला, वजन उतरणं, संध्याकाळचा बारीक ताप, यांची वही गृहमातेकडे असलीच पाहिजे. औषधं सरकारकडून फुकट मिळतात आणि निक्षय पोषण योजनेत रुग्णाला आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात. म्हणून दात्याचा पैसा औषधाला नको. तो अंडी-दुधाला, खाटांमधल्या अंतराला, दिवसा खिडक्या उघडता येतील अशा उबदार खोल्यांना, आणि रुग्णाच्या खोलीत राहिलेल्या मुलांच्या तपासणीला व प्रतिबंधक औषधाच्या देखरेखीला लागतो. तीन महिन्यांचा प्रतिबंधक कोर्स सुटीत मूल घरी गेलं की तुटतो. त्यामुळे तो मार्च-एप्रिलमध्ये सुरू केलेला बरा. जंताच्या गोळीचंही असंच आहे: राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला असतो, आणि फेब्रुवारीत लडाखच्या शाळा बंद. पहिली फेरी शाळा उघडल्यावर दिली का, हे विचारायला हरकत नाही.

अहवालात 'सरासरी हिमोग्लोबिन १२, मुलं निरोगी' असं वाचून खूश होऊ नका. उंचीवर शरीर हिमोग्लोबिन वाढवतं, म्हणून तीन हजार मीटरच्या वर आकड्यातून सुमारे दोन ग्रॅम किंवा अधिक वजा करून रक्तक्षय ठरवतात. लेह आणि काझा दोन्ही साडेतीन हजार मीटरच्या आसपास. जळगावला ठीक वाटणारा बारा तिथे कमीच. ज्या अहवालात ही दुरुस्ती केलेली दिसते, तिथे कुणीतरी लक्ष देऊन काम करतंय हे कळतं.

'अनाथ' या दाव्याची चौकशी जरूर करा, विशेषतः नेपाळच्या नावाने पैसे मागितले जात असतील तर. हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून शिक्षणाच्या आमिषाने मुलं काठमांडूला आणून, आईवडील हयात असताना त्यांना अनाथ दाखवल्याची प्रकरणं चांगली नोंदलेली आहेत. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर इथे करसवलतही नाही. भारतात मुलांचं निवासी गृह बाल न्याय कायदा २०१५च्या कलम ४१ खाली नोंदलेलं आहे का, आणि शाळेचं वसतिगृह असेल तर शाळेची मान्यता कुठल्या मंडळाची, हे कागद मागा. कलम ७४ प्रमाणे संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही. म्हणून जी संस्था मुलाचं गाव, पूर्ण नाव, आईवडिलांची करुण कहाणी फोटोसह व्हॉट्सॲपवर फिरवते, तिला पैसे देऊ नयेत, कहाणी कितीही खरी असो. उलट फोटो द्यायला खळखळ करणारी संस्था बहुतेक वेळा नियम पाळणारी असते.

पार्सलांचा मोह आवरा. बिबडे, उडदाचे पापड, केळीचे वेफर्स प्रेमाने जातात, पण दोनशे मुलांच्या स्वयंपाकघरात पापड तळायला तेल आणि गॅस कुठून आणायचा? इथल्या बाजारातले स्वेटर उणे वीसला टिकत नाहीत. बुटांची मापं चुकतात आणि एकाच मुलाला सायकल आली की बाकीची तोंड पाडून बसतात. लोकरी कपडे, बूट, मोजे लेह किंवा कुल्लूत घाऊक घेतलेले स्वस्त आणि योग्य मापाचे मिळतात. त्यासाठी पैसेच द्या. मराठी-हिंदी गोष्टींची पुस्तकं पाठवायची तर आधी कोणत्या भाषेत शिकवतात ते विचारा.

आणि सातपुडा? धडगाव-अक्कलकुव्यातली मुलंही डोंगर उतरून आश्रमशाळेत येतात, तीही आजारी पडतात. आपल्याकडच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, पण कितीतरी पात्र घरांचा अर्जच भरला जात नाही. अर्ज भरून द्यायला पैसे लागत नाहीत, एक सकाळ लागते. हिमालयाला देणाऱ्याने ती एक सकाळ नंदुरबारलाही द्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. ऐपत एकाच ठिकाणची असेल तर जिथला हिशेब तुम्ही डोळ्यांनी पाहू शकता तिथे द्या.

भेट द्यायची असेल तर धर्मशाला सगळ्यात सोपी. झेलम एक्स्प्रेस चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत पठाणकोट छावणीला जाते, तिथून पुढे नव्वदेक किलोमीटर रस्ता. आगाऊ पत्र पाठवून परवानगी घ्या, परीक्षांचा काळ टाळा, आणि मुलाला एकट्याला बाहेर न्यायची मागणी करू नका. शाळा पाहताना वर्ग नंतर पाहा. आधी आजारी मुलांची खोली, औषधांच्या मुदतीच्या तारखा, संडासातलं पाणी आणि गृहमातेची वही पाहा. लेह-स्पितीला जायचं तर जून ते सप्टेंबर, आणि पोचल्यावर पहिले दोन दिवस आरामच; दात्याला उंचीचा त्रास झाला तर शाळेची एकुलती एक गाडी त्याच्यामागे अडकते.