पोटाचा टीबी: सोनोग्राफीवरून एकेटी, की आधी नमुना?

मुलाचं पोट महिनाभर दुखतंय, सोनोग्राफीत गाठी आल्यात आणि सहा महिन्यांच्या एकेटीचा, म्हणजे टीबीच्या औषधांचा, विषय निघालाय. लगेच औषध सुरू करायचं की आधी खात्री करायची? मूल स्थिर असेल तर माझा कौल खात्रीला.

सोनोग्राफी दुखत नाही, स्वस्तही असते, म्हणून सुरुवात तिथूनच. पण आतड्याभोवतीच्या लहान, सुट्या गाठी धडधाकट मुलांतही दिसतात. तेवढ्यावर टीबीचा शिक्का मारू नये. गाठी मोठ्या आणि एकमेकींना चिकटलेल्या, लहान-मोठं आतडं जुळतं तिथली भिंत जाड किंवा पोटात पाणी, शिवाय ताप आणि घटतं वजन, असं असेल तर मात्र पुढे जायलाच हवं.

माँटू (कातडीत सुई टोचून करतात ती चाचणी) किंवा इग्रा (रक्ताची चाचणी) जंतूचा संसर्ग झालाय एवढंच सांगतात, आजार आहे का ते नाही. कुपोषित मुलात माँटू खोटी निगेटिव्हही येते. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या चाचण्यांवर तर भारतात 2012 पासून बंदी आहे.

पोटात पाणी असेल तर सुईनं ते काढणं कोलोनोस्कोपीपेक्षा, म्हणजे दुर्बिणीनं आतडं तपासण्यापेक्षा, सोपं. त्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि प्रथिनं जास्त, एडीए हे एन्झाइम साधारण 39 युनिट प्रति लिटरच्या वर, तर संशय पक्का होतो. सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आली तर उत्तमच, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी आहे का तेही त्याच दिवशी कळतं. पण पाण्यात जंतू इतके कमी असतात की निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त होऊ नये.

आतड्याची भिंत जाड असेल तर कोलोनोस्कोपी. पोट साफ करणं, भूल, खर्च. आईबाबा कचरतात, ते समजतं. तरीही ती टाळू नका. क्रोन्स हा आतड्याला सूज आणणारा आजार हुबेहूब असाच दिसतो आणि त्यावरची स्टेरॉइडं लपलेल्या टीबीला भडकवू शकतात. तपासणीसाठी आतड्याचे तुकडे घेण्याआधी डॉक्टरांना एक आठवण जरूर करा: काही तुकडे फॉर्मेलिनमध्ये, काही साध्या सलाइनमध्ये. फॉर्मेलिनमधला तुकडा कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायला, चालत नाही. कल्चरला सहा आठवडेही लागतात, पण कुठलं औषध लागू पडेल ते त्यावरून नीट ठरवता येतं.

पोट फुगलंय, हिरवट उलट्या होताहेत, शी-गॅस बंद आहे, तर यातलं काहीच ठरवत बसू नका. त्याच क्षणी सर्जन गाठा.